दिवाळीत घ्यायचा की ऊस बिलापर्यंत थांबायचं? वडणग्यातल्या एका लॅपटॉपचं प्रकरण

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 3 ऑक्टोबर 2025 ला, वडणग्याची भाची दुकानात आली. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. सणाच्या दिवसांत तिथं दुरुस्तीला येणाऱ्यांपेक्षा 'कुठला घेऊ' विचारणारेच जास्त. भाचीनं पिशवीतनं लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला. उजव्या बिजागरीला एम-सील, 'ई'चं अक्षर पुसलेलं, चार्जरची पिन एका ठराविक कोनात धरली तरच चार्जिंगचा दिवा लागणार.

"मामा, मी आता कंटाळलो. हा एकदाचा बंद तरी पडू दे, नाहीतर मी नवा घेतो."

(आमच्याकडं पोरीही 'कंटाळलो', 'घेतो'च म्हणतात. बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.)

हा प्रश्न मला दिवसातनं चारदा तरी येतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मी तोंडाला येईल ते उत्तर देतो. समोरचा घाईत असेल तर 'घेऊन टाका', पैशाची अडचण दिसली तर 'जरा थांबा'. ह्या वेळी घरचं माणूस होतं, म्हणून जरा नीट बसून बघितलं, आकडे लिहून ठेवले. त्यातलं काही बरोबर निघालं आणि एक गोष्ट माझ्याकडनं सरळ चुकली.

काम काय, यंत्र काय

भाची मेकॅनिकलचा डिप्लोमा करून शिरोली एमआयडीसीतल्या एका पॅटर्न शॉपसाठी घरून थ्रीडी मॉडेल करते. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा ज्याच्यावरनं पाडतात तो नमुना. फौंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, गिऱ्हाइकाकडनं ड्रॉइंग येतं ते तयार मालाच्या मापाचं. पॅटर्न त्या मापाचा करून चालत नाही. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून 600 मिलिमीटरच्या भागाला पॅटर्न 606 चा लागतो. वर मशीनिंगसाठी जादा माल, पॅटर्न साच्यातनं अलगद निघावा म्हणून उभ्या बाजूंना ड्राफ्ट (थोडा उतार), आतल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा कोअर आणि तो कोअर टेकायला कोअर प्रिंट. ह्यातलं एक माप बदललं की सॉलिडवर्क्स हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर सगळं मॉडेल पुन्हा नव्यानं बांधत बसतं. गिऱ्हाईक माप बदलतंच. एका जॉबला तीन-चारदा तरी. तिला पैसे जॉबवर मिळतात, तासावर नाही. लॅपटॉप गोल गोल चक्र दाखवत बसला तर तो वेळ तिच्या खिशातनं जातो.

यंत्र 2017 चं. इंटेल आय-फाइव्ह 7200-यू प्रोसेसर, दोन कोअरचा (साच्यातला कोअर नव्हे, प्रोसेसरमधला काम करणारा भाग). 8 जीबी रॅम, त्यातली 4 बोर्डावरच चिकटवलेली आणि 4 स्लॉटमध्ये. 1 टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. 2019 च्या महापुरात वडणग्यातनं बाहेर पडताना दाजींनी हाच लॅपटॉप खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून डोक्यावरनं आणला होता, त्यामुळं घरात त्याला एक मान आहे. अक्का अजून त्याला 'पुरातला' म्हणते.

आता बदलायची घाई का, तर 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, संपत होता. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची चिप लागते, मोजके अपवाद सोडले तर. हिची सातवी. एका पिढीनं हुकलं.

सल्ल्यांचा पाऊस

भाचीच्या धाकट्या भावाचं म्हणणं, गेमिंग लॅपटॉपच घे, आरटीएक्स 5060 ग्राफिक्स कार्डवाला. त्यानं एका दुकानातनं 1 लाख 4 हजारांचं कोटेशनही आणलं होतं. त्याच्या मित्राचं मत मॅकबुक एअर. तो विषय दोन मिनिटांत संपला, कारण सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपा आल्यापासून त्यात सरळ विंडोज टाकायची सोयही उरलेली नाही.

शेजारच्या काकांनी सांगितलं, 22 सप्टेंबरपासून जीएसटी उतरलाय, लॅपटॉप स्वस्त होणार. हा गैरसमज मी त्या महिन्यात दुकानात निदान पन्नास जणांचा काढला असेल. 28 वरनं 18 वर आले ते मोठे टीव्ही, एसी, डिशवॉशर. लॅपटॉपला आधीही 18 टक्केच होता, नंतरही 18 च राहिला.

पॅटर्न शॉपमधल्या एकाचं म्हणणं मात्र विचार करण्यासारखं होतं. त्याच आठवड्यात इंटेलनं पँथर लेक ह्या नव्या चिपांची माहिती जाहीर केली, जानेवारीत त्या बाजारात येणार होत्या. "तीन महिन्यांसाठी जुनी पिढी कशाला गळ्यात बांधून घ्यायची?"

आणि दाजी. दाजींनी चहाचा कप खाली ठेवून एवढंच विचारलं, "पावणं, ऊस जाऊ दे की. बिल आलं की बघू."

आठवडाभराची वही

मी भाचीला एक शंभर पानी वही दिली. म्हटलं, सहा दिवस काम करताना कुठं कुठं थांबावं लागलं ते लिही. काय करत होतीस आणि किती मिनिटं, एवढंच. मोबाइलवर नको, हातानं लिही. मोबाइल उघडला की माणूस भलतीकडंच जातो.

सहा दिवसांची बेरीज 312 मिनिटं झाली. दिवसाला 52. तिला स्वतःलाच खरं वाटेना, ती म्हणाली, "मला वाटलं अर्धा तास असेल." पण मला बेरजेपेक्षा तिची फोड महत्त्वाची होती. मशीन सुरू होणं आणि फाइल उघडणं ह्यात 185 मिनिटं. सेव्ह करण्यात 70. माप बदलल्यावर मॉडेल पुन्हा बांधलं जाण्यात 45. आणि मॉडेल पडद्यावर फिरवून बघताना अडकलेली मिनिटं फक्त 12.

हा शेवटचा आकडा बघितला आणि 1 लाख 4 हजारांचं कोटेशन मी घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं. ग्राफिक्स कार्डाचं काम मुख्यतः ह्या फिरवण्यातच लागतं. 312 तल्या 12 मिनिटांसाठी कोण तीस हजार जादा घालेल?

रविवारी वडणग्याला गेलो आणि तिच्या नेहमीच्या एका असेंब्लीची (अनेक भाग जोडलेल्या मॉडेलची) फाइल, विंडोजमधला डिस्क-रॅमचा वापर दाखवणारा टास्क मॅनेजर शेजारी ठेवून उघडली. उघडायला 6 मिनिटं 10 सेकंद. तेवढ्या वेळात अक्कानं पोहे करून आणले. डिस्क 100 टक्क्यांवर चिकटलेली, रॅम 7.6 जीबी भरलेली. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि ती बिचारी आधीच धापा टाकत असते. म्हणजे दोन दुखणी नव्हतीच, एकानं दुसरं वाढवलेलं.

फाइल उघडल्यावर एक माप बदलून बघितलं. आता डिस्क शांत, प्रोसेसर 28 टक्के. भाचा लगेच म्हणाला, "बघा, प्रोसेसर रिकामाच हाय की." इथं भलेभले फसतात. ह्या चिपेत कोअर दोनच, पण विंडोजला त्यांचे चार धागे (थ्रेड) दिसतात. कॅडचं, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगचं, मॉडेल बांधणं पायरीपायरीनं चालतं: आधी ठोकळा, मग भोक, मग ड्राफ्ट. पुढची पायरी मागचीवर उभी, त्यामुळं काम वाटून देता येत नाही, बहुतेक सगळं एकाच धाग्यावर चालतं. चारातला एक धागा पूर्ण भरला की आकडा पंचविसाच्या पुढंमागं दिसणार. 28 टक्के म्हणजे रिकामा नाही, तिच्या कामापुरता दमलेला प्रोसेसर. त्या 45 मिनिटांवर एसएसडी (न फिरणारी जलद डिस्क) आणि जादा रॅमचा उपाय चालणार नाही हे तिथंच कळलं. त्याला नवी चिपच हवी. पण नवी म्हणजे सगळ्यात ताजी असं नाही, एका कोअरची चाल जिची जलद ती.

थांबायचं, पण कशासाठी

भाचीनं मला त्या दिवशी बरोबर पेचात पकडलं. "मी थांबतो की मामा, पण नक्की कशाची वाट बघायची ते सांगा."

जानेवारीच्या चिपांची? तारीख होती, पण तिच्या उपयोगाची नव्हती. नवी चिप आली की आधी पातळ, देखण्या, महागड्या मॉडेलांत येते. पंचाहत्तर हजारांच्या रांगेत तिचा नंबर लागायला बरेच महिने जातात, तोवर त्या रांगेत मागचीच पिढी विकली जाते. शिवाय त्या पातळ मशिनांत रॅम बोर्डावरच चिकटवलेली असण्याची शक्यता मोठी. मग आज 16 घेतली तर जन्मभर 16 च.

भाव उतरायची? त्याला तारीखच नव्हती. नव्या मालाची चाहूल लागली की जुना साठा उतरतो, हा माझा दुकानदारीतला अनुभव. त्याच भरवशावर मी बोललो. ह्याबद्दल पुढं येईलच.

राहिली पैशाची वाट. ती खरी होती. तिच्या कामाला पुरेल असं एक मॉडेल मी त्या वेळी 72,500 ला बघून ठेवलं होतं. तिच्याकडं तीसेक हजार साठलेले. बाकीचं हप्त्यावर घ्यायचं म्हटलं तर दुकानात 'नो कॉस्ट' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. त्यात व्याजाएवढी सूट आधी देतात आणि बँक व्याज लावतेच. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपल्याकडनंच जाते. रक्कम मोठी नसते, पण पूर्ण फुकट काही नसतं. खरी अडचण वेगळीच होती. सगळीच रक्कम नऊ हप्त्यांत पाडली तर महिन्याला आठ हजार, आणि जॉबवर पोट असलेल्या माणसाचा एखादा महिना कोरडा जातो. म्हणून ती हप्त्याला बिचकत होती. मीही तिला ढकललं नाही.

उसाचं बिल कायद्यानं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत द्यायचं असतं. पण आधी ऊस जायला हवा, आणि तो कधी जाणार हे तोडणीची टोळी कधी फडात उतरते त्यावर. दाजी म्हणाले डिसेंबर, मी मनात जानेवारी धरला, आणि वहीत लिहिलं 15 फेब्रुवारी.

ठरलं ते

जुन्यात 500 जीबीची अडीच इंची साटा एसएसडी, 3,200 रुपये. स्लॉटमधली 4 जीबी काढून 8 ची पट्टी, 2,200 रुपये. म्हणजे एकूण रॅम 12 जीबी. हे 5,400 अक्कानं गोकुळ दूध संघाकडनं दिवाळीला मिळणाऱ्या दूध दराच्या फरकातनं दिले. देताना म्हणाली, "पुरातनं वाचलाय, असा थोडाच जाऊ द्यायचा." विंडोज 10 ला घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून मिळत होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातनं सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसेही पडत नाहीत. ते नोंदवून दिलं. भाचा विंडोज 11 जबरदस्तीनं टाकून देतो म्हणत होता. स्वतःच्या खेळायच्या मशीनवर कर म्हटलं, जिच्यावर पोट आहे तिच्यावर नको.

नव्याची तारीख 15 फेब्रुवारी. पण मोठा जॉब आला किंवा बाजार उलटा फिरला तर आधी घ्यायचा, हेही वहीत लिहिलं. नव्यासाठी अटी मोजक्याच: एका कोअरची चाल चांगली, रॅमला दोन स्लॉट, किमान 16 जीबी, ग्राफिक्स कार्ड साधं चालेल.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करायला तीन तास गेले. तीच असेंब्ली 1 मिनिट 20 सेकंदांत उघडली. पुढच्या आठवड्याच्या वहीत 312 ची 118 झाली. मॉडेल बांधण्याची मिनिटं 45 वरनं 44. तिथं काही हलणार नाही हे आधी बोललो होतो, त्यामुळं तो आकडा बघून मला उगाचच बरं वाटलं.

बाजार उलटा फिरला

आता माझी चूक. ती 2,200 ची रॅमची पट्टी उन्हाळ्यात मी सोळाशेला लावत होतो. सहाशेचा फरक ऑक्टोबरात माझ्या डोळ्यासमोर होता. दिवाळीचा भाव असेल, सणानंतर खाली येईल, असं म्हणून मी सोडून दिलं. ही वाढ सणाची नव्हती. रॅमच्या चिपा जगात मुख्यतः तीन कंपन्या करतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी खास मेमरी जास्त पैसे देते, म्हणून कारखाने तिकडं वळले आणि साध्या लॅपटॉपच्या रॅमचा माल आटला. नोव्हेंबरात होलसेलवाले सकाळी एक भाव सांगायचे आणि वर म्हणायचे, "संध्याकाळपर्यंतच धरा." डिसेंबर उजाडेपर्यंत तीच 8 ची पट्टी चार हजारांच्या वर गेली होती.

3 डिसेंबरला मायक्रॉननं जाहीर केलं की क्रुशियल ह्या नावानं किरकोळ गिऱ्हाइकाला रॅम आणि एसएसडी विकणं ती बंद करणार. मी वर्षानुवर्षं हीच लावत आलोय. बातमी वाचली आणि लगेच वडणग्याला फोन केला. दुकानात सुटी रॅम आधी महाग होते, लॅपटॉपची पेटी नंतर. कंपन्यांनी जुन्या भावात घेतलेला साठा संपेपर्यंत थोडी उसंत मिळते. ती उसंत संपायच्या आत घ्यायला हवं होतं.

योगायोग असा की, भाचीकडं त्याच आठवड्यात पंपाच्या केसिंगचा जॉब आला होता. दोन अर्धे, आत वळणावळणाचा कोअर. वहीतल्या दोन्ही अटी एकदम लागू पडल्या. ऊस मात्र अजून फडात उभा. पॅटर्न शॉपच्या मालकांनी 25 हजार उचल दिली, तिचे साठलेले होते, उरलेले दाजींनी सोसायटीतनं ऊस बिलावर कर्जाऊ काढले. ऊस बिल यायच्या आधीच त्यातले पैसे गेले म्हणून ते दोन दिवस गप्पगप्प होते.

9 डिसेंबरला लॅपटॉप घेतला. आय-सेव्हन 13650-एचएक्स, म्हणजे 2023 सालातली चिप. आरटीएक्स 4050, 16 जीबीची एकच डीडीआर-5 पट्टी, दुसरा स्लॉट रिकामा. दिवाळीत 72,500 ला असलेलं तेच मॉडेल, आता 78,000. भाचीनं विचारलं, जुन्यातली 8 ची पट्टी ह्या रिकाम्या स्लॉटात बसेल का. नाही बसत. ती मागच्या पिढीची रॅम, डीडीआर-4, खाचेची जागाच वेगळी. तो स्लॉट रॅम पुन्हा माणसात येईल तेव्हासाठी.

असेंब्ली 22 सेकंदांत उघडते. सहा दिवसांतली मॉडेल बांधण्याची मिनिटं 44 वरनं 15 वर आली. फिरवून बघताना अडकणं गेलंच, त्याच 'साध्या' कार्डावर.

हिशेब

थांबण्याची किंमत मांडू. लॅपटॉप 5,500 नं महाग पडला. जुन्यावर 5,400 घातले. एकूण 10,900. दिवाळीतच घेतला असता तर हे वाचलं असतं, वर त्या सात आठवड्यांतली थांबण्याची मिनिटंही वाचली असती. भाचा हे अजून ऐकवतो आणि त्याचं चुकत नाही. मी त्याला 1 लाख 4 हजारांची आठवण करून देतो, पण ती पळवाट आहे. तो लॅपटॉप मी तिला तसाही घेऊ दिला नसता.

तरी जुन्यावर घातलेले 5,400 मला खटकत नाहीत. एसएसडी बसली नसती तर नोव्हेंबरातले जॉब त्या हार्ड डिस्कवर रखडले असते, आणि वही नसती तर आम्ही कार्डाच्या मागं लागलो असतो. खटकते ती 15 फेब्रुवारी. ती तारीख मी फक्त ऊस बिलाकडं बघून टाकली. रॅमची पट्टी रोज माझ्या हातात असताना बाजाराकडं बघितलंच नाही. तीस हजार तिच्याकडं होते, पॅटर्न शॉपचे मालक उचल देणारे होते, हे ऑक्टोबरातही विचारता आलं असतं. कुणी विचारलं नाही, मीही नाही. 'पैसे नाहीत' हे आम्ही सगळ्यांनी एकदा ऐकलं आणि पक्कं धरून बसलो.

जानेवारीत लास वेगासला इंटेलनं त्या नव्या चिपा कोअर अल्ट्रा सिरीज 3 नावानं आणल्या. भाचीनं मला फोनवर बातमी वाचून दाखवली, मग म्हणाली, "बरं झालं, ह्याची वाट बघत बसलो नाही."

पुरातला लॅपटॉप आता भाच्याकडं आहे, कॉलेजच्या कामाला. परवा तो दुकानात येऊन विचारत होता, "मामा, ऑक्टोबरात ह्याचे अपडेट बंद होणार. आत्ताच नवा घेऊ का थांबू?" त्याला ती शंभर पानी वही दिली. बरीच पानं अजून कोरी आहेत.